परीक्षण लिहिता लिहिता

चार्ल्स डिकन्सने एक डोमकावळा पाळला होता. नाव ग्रिप, बोलका आणि महाद्वाड. 'बार्नबी रज' या कादंबरीत डिकन्सने त्याला चक्क पात्र करून टाकलं. १८४१ मध्ये ही कादंबरी लंडनमध्ये क्रमशः छापली जात होती आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला बसून तिखट जिभेचा एक समीक्षक ती वाचत होता: एडगर ॲलन पो. कादंबरी निम्मीही झाली नव्हती, तोच पठ्ठ्याने परीक्षण लिहून खुनी कोण ते सांगून टाकलं.

कादंबरी संपल्यावर, १८४२ च्या फेब्रुवारीत, 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये त्याने दुसरं लांबलचक परीक्षण लिहिलं. त्यातली एक तक्रार महत्त्वाची. कावळा मजेदार आहे, पण लेखकाने त्याचा पुरता उपयोग केलेला नाही. त्याच्या ओरडण्यातून येणाऱ्या अनर्थाची चाहूल लागायला हवी होती. पुढे जानेवारी १८४५ मध्ये पोची 'द रेव्हन' (डोमकावळा) ही कविता छापून आली आणि तो रातोरात गाजला. ग्रिपकडून राहून गेलेलं काम या पक्ष्याने चोख बजावलं होतं.

ही कविता आपण कशी रचली, ते पोने १८४६ मध्ये एका निबंधात सविस्तर सांगितलं. निबंधाची सुरुवातच डिकन्सच्या चिठ्ठीने होते आणि त्या चिठ्ठीत 'बार्नबी रज'वरच्या पोच्या लेखनाचा उल्लेख आहे. पण पक्ष्याची वेळ आली तेव्हा पो म्हणतो, मला आधी पोपट सुचला होता, मग डोमकावळा! ग्रिपचं नावही नाही. लोक मात्र विसरले नव्हते. कवी जेम्स रसेल लॉवेलने १८४८ मध्ये आपल्या विडंबनकाव्यात पोला कावळ्यासकट 'बार्नबी रज'शेजारी नेऊन उभं केलं.

'इथे असं करायला हवं होतं' हे वाक्य परीक्षणात लिहिणं सोपं. पण ते लिहिणारा स्वतः लेखक असेल, तर ते त्याच्याच मानगुटीवर बसतं. आपल्याकडचे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर घ्या. १८९३ मध्ये 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांनी 'विक्रमशशिकला' या नाटकावर परीक्षण लिहिलं, तेव्हा ते ऐन विशीत होते. तीन वर्षांत, १८९६ मध्ये, किर्लोस्कर मंडळीने त्यांचं 'वीरतनय' रंगभूमीवर आणलं. पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या नव्या चाली आणि कोटीबाज संवाद घेऊन नाटक कसं असावं याचं स्वतःचं उत्तरच त्यांनी मांडलं. दुसऱ्याचं नाटक तपासणारा तरुण पुढे नाटककार गडकऱ्यांचा गुरू झाला.

प्रत्येक वेळी खोडच काढावी लागते असंही नाही. १८५० च्या उन्हाळ्यात हर्मन मेलव्हिल मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला होता. देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी हातात होती. शरद ऋतूत पुस्तक तयार होईल, असं त्याने लंडनच्या प्रकाशकाला कळवलंही होतं. काकूने त्याला नथॅनिएल हॉथॉर्नचा कथासंग्रह भेट दिला. ५ ऑगस्टला एका डोंगरसहलीत खुद्द हॉथॉर्नच भेटला. त्याच महिन्यात 'लिटररी वर्ल्ड'मध्ये त्या कथांवर दोन भागांत परीक्षण आलं. खाली सही: व्हरमाँटमध्ये जुलै घालवणारा एक व्हर्जिनियाकर. लेखक मेलव्हिल, म्हणजे माणूस व्हर्जिनियाचा नाही, मुक्काम व्हरमाँटला नाही. वर 'हॉथॉर्नला मी कधी पाहिलेलं नाही' हेही ठोकून दिलेलं! हॉथॉर्नची बायको सोफिया ते वाचून हरखली; कुणी लिहिलंय, हे तिला ठाऊक नव्हतं.

या लपाछपीत मेलव्हिलला मोकळेपणा मिळाला. हॉथॉर्नच्या गोष्टींतला काळोख आणि शेक्सपिअरचं सत्य सांगण्याचं धाडस यांवर तो इतका तावातावाने लिहितो, की आपल्याला काय लिहायचंय तेच तो स्वतःला बजावत असावा. ठरलेली कादंबरी त्या शरदात आलीच नाही. आणखी वर्ष गेलं. त्या वर्षात तिचा साचाच बदलला, असं अनेक अभ्यासक मानतात. १८५१ मध्ये 'मोबी डिक' आली, तेव्हा अर्पणपत्रिकेवर नाव होतं हॉथॉर्नचं.

जॉर्ज ऑर्वेलचं प्रकरण आणखी उघड आहे. झाम्यातिनची 'आम्ही' ही रशियन कादंबरी त्याला अखेर फ्रेंच अनुवादात मिळाली आणि ४ जानेवारी १९४६ च्या 'ट्रिब्यून'मध्ये त्याने तिच्यावर लिहिलं. माणसांना नावांऐवजी क्रमांक, काचेची घरं, सर्वांवर एक 'उपकारकर्ता'. अशाच एका पुस्तकासाठी आपण टिपणं काढतोय, हे त्याने १९४४ मध्येच पत्रात लिहून ठेवलं होतं. म्हणजे बी आधीचं होतं, खत परीक्षणांतून मिळालं. १९४६ मध्येच विचारवंत जेम्स बर्नहॅमच्या सिद्धान्तावर त्याने दीर्घ लेख लिहिला. तीन महासत्तांत वाटलेलं बर्नहॅमचं जग ऑर्वेलच्या १९४९ च्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये ओळखू येतंच.

परीक्षणांच्या रतीबाला ऑर्वेल विटलेला होता. बहुतेक पुस्तकं सोडून द्यावीत आणि मोजक्यांवर भरपूर लिहावं, असा सल्ला त्याने १९४६ मध्येच दिला. सल्ल्यामागे त्याचा स्वार्थही दिसतो: भरपूर लिहायचं, तर पुस्तकाचं यंत्र उघडून बघावं लागतं, आणि एकदा उघडलं की कुठला भाग कशाला लागतो ते कायमचं कळतं.

त्या जानेवारीच्या परीक्षणात ऑर्वेलने जाता जाता ऑल्डस हक्सलीवर बोट ठेवलं होतं: 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' काही अंशी झाम्यातिनवरूनच आलेलं असणार. हक्सलीने पुढे इन्कार केला. ऑर्वेलला इन्कार करायला जागाच नव्हती. त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याने स्वतःच, तारखेनिशी, छापून ठेवला होता.