वळणावर मुका होणारा हॉर्न

वणीहून नांदुरीमार्गे सप्तशृंगगडाचा घाट चढताना समोरून येणारे वाहन वळण संपेपर्यंत दृष्टीस पडत नाही. अशा ठिकाणी हॉर्न हीच पूर्वसूचना. जुन्या मोटारी मात्र नेमक्या येथेच दगा देतात. सपाट रस्त्यावर खणखणीत वाजणारा हॉर्न स्टेअरिंग वळवताच मुका होतो आणि सरळ रस्ता लागताच पुन्हा बोलू लागतो.

व्यापारी घराण्यांपैकी काहींनी आजोबांच्या काळातील प्रीमियर पद्मिनी अजून जपली आहे. या गाडीविषयी समाजाला वाटणारी आपुलकी स्वाभाविकच म्हणावी लागेल. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. पुढे फियाटच्या परवान्याने तेथे मोटारी बनू लागल्या. मुंबईतील अखेरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. घरी राहिलेल्या गाड्यांची निगा म्हणूनच अधिक मोलाची.

हॉर्न बंद पडला की बहुतेक ठिकाणी नवा बसवला जातो, आणि आठवड्याने तोही गप्प होतो. दोष हॉर्नचा नसतो. विजेला जायला जशी वाट लागते तशी बॅटरीकडे परतायलाही लागते. माल गेला पण वसुली आली नाही, तर पेढी चालत नाही, तसेच हे. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत हॉर्नला वीज सतत मिळत असते आणि बटण दाबल्यावर केवळ परतीची वाट, म्हणजे अर्थिंग, जुळते. ही वाट स्टेअरिंगच्या दांड्यातून, बेअरिंगांतून चेसिसपर्यंत जाते. मध्ये गंज, सुकलेले ग्रीस किंवा नव्या रंगाचा थर आला की वीज अडते. दांडा फिरला की धातूचा स्पर्श बदलतो. वळणावरच्या मौनाचे कारण बहुधा हेच.

ढोबळ हिशेब पाहावा. १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेणाऱ्या हॉर्नचा रोध ३ ओहम होतो. गंजामुळे त्यात १ ओहमची भर पडली, तर प्रवाह ३ अँपिअरवर येतो आणि हॉर्नच्या वाट्याला ९ व्होल्टच उरतात. आवाज घोगरा होतो तो यामुळे.

तपासणीस महागडी साधने लागत नाहीत. प्रथम फ्यूज पाहावा. हॉर्नला दोन वायरी असतील, तर बटणाकडे जाणारे टोक एका तुकडा वायरीने बॉडीच्या उघड्या धातूला टेकवावे. (वीज येणारे टोक चुकूनही टेकवू नये, ठिणगी उडून फ्यूज जाईल.) हॉर्न वाजला, तर तो आणि त्याचा वीजपुरवठा निर्दोष आहेत. मग बटण दाबून धरावे व तीच वायर स्टेअरिंगच्या दांड्यापासून चेसिसला जोडावी. आता वाजला, तर दांड्याला अर्थ मिळत नाही हे सिद्ध झाले. तरीही गप्प राहिला, तर बटणाच्या पट्ट्या किंवा तिथवरची वायर तपासावी. मल्टिमीटर असल्यास बटण दाबून दांडा व बॅटरीचे अर्थ टोक यांमधील दाब मोजावा. तो शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्टही जास्तच. एकाच वायरीचा हॉर्न असेल, तर त्याचे अर्थिंग पकडपट्टीच्या बोल्टमधून होते, म्हणून तपास तेथून सुरू करावा.

उपाय खर्चिक नाही. बॅटरीची अर्थ वायर काढावी, जोडाच्या जागा काचकागदाने चकचकीत होईतो घासाव्यात, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. दांड्याच्या स्थिर नळीपासून चेसिसपर्यंत लवचीक वायरीची वेगळी जोडणी केली, तर उत्तमच. जुन्या ब्रिटिश मोटारींपैकी अनेकींत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते, हे कामाआधी पाहून घ्यावे.

काम झाल्यावर गाडी जागेवर उभी ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे व बटण दाबून धरावे. आवाज कुठेही तुटला नाही, तरच गडाचा रस्ता धरावा.