नव्यानें आणलेलीं बदकें खात नसल्यास

भातशेतीच्या मुलखांत बदकें पाळणें हा सोयीचा जोडधंदा आहे. शेतांतील गोगलगाई, किडे, सांडलेले दाणे व शेवाळ यांवर त्यांचा बराचसा निर्वाह होतो, त्यांस कोंबड्यांच्या मानानें रोगहि कमी होतात, आणि खाकी कॅम्पबेल जातीची चांगली मादी वर्षाकाठीं तीनशेंच्या आसपास अंडीं देऊं शकते. हें ऐकून पुष्कळ शेतकरी हौसेनें पांच-दहा बदकें विकत आणतात. परंतु पहिल्या पंधरवड्यांतच कित्येकांची निराशा होते. बदकें कोंपऱ्यांत दाटीनें बसून राहतात, पुढें ठेवलेल्या दाण्यास तोंड लावीत नाहींत, दिवसेंदिवस वाळत जातात, व त्यांपैकीं कांहीं मरतात. मग "बदकें आपल्याकडे जगत नाहींत" असें म्हणून धंदाच सोडून दिला जातो. या अपयशाचें कारण पुष्कळदां बदकांत नसून आपल्या व्यवस्थेंत असतें. आम्हांस हें तीन बदकें गमावल्यावर समजलें. तो अनुभव इतरांच्या उपयोगीं पडावा एवढ्याचसाठीं येथें देत आहों.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वीं मृगाच्या तोंडावर आम्हीं एका दूरच्या विक्रेत्याकडून पांच महिन्यांचीं म्हणून दहा बदकें आणलीं. रात्रभर टेंपोचा प्रवास झाला होता, आणि वाटेंत त्यांस पाणी मिळालें नव्हतें, हें मागाहून कळलें. पिसें फुगवून बसल्यामुळें तीं अंगानें भरलेलीं दिसत होतीं, म्हणून वजन करून पाहण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं. आल्याबरोबर त्यांस कोंबड्यांच्या खुराड्याशेजारीं कोंडलें, पुढें सुका कोंडा व भरडलेला मका ठेवला, आणि कोंबड्यांचेंच अरुंद कांठाचें पाण्याचें भांडें दिलें. दोन दिवस कोणींहि खाल्लें नाहीं. नवीन जागा आहे, भूक लागली म्हणजे खातील, असें आम्हीं समजलों. तिसऱ्या दिवशीं एक बदक मेलें व चौथ्या दिवशीं सकाळीं आणखी दोन मेलीं.

त्या दिवशीं शेजारच्या वयोवृद्ध काकी सहज आल्या. त्यांच्या माहेरीं पूर्वीं बदकें असत. त्यांनीं एक बदक उचलून त्याची चोंच पाहिली व म्हणाल्या, "अरे बाबा, ह्यांच्या नाकपुड्या कोंड्यानें बुजल्या आहेत बघ. तीं खाणार कशीं? आधीं डोकें बुडेल एवढें पाणी दे, मग दाण्याचें बघ." आम्हीं एक पसरट घमेलें भरून ठेवलें. सातहि बदकें त्यांत डोळ्यांपर्यंत डोकीं बुडवून नाक फुंकीत राहिलीं, पोटभर पाणी प्यालीं, आणि अर्ध्या तासानें भिजवलेल्या कण्या खाऊं लागलीं.

पांचव्या दिवशीं वजन केलें तेव्हां सरासरी १ किलो १५० ग्रॅम भरलें. त्या वयाचें निरोगी खाकी कॅम्पबेल दीड किलोच्या वर भरावयास पाहिजे. म्हणजे तीं विकत घेतेवेळींच अशक्त असलीं पाहिजेत, आणि उरलीसुरली शक्ति आमच्या घरीं चार दिवसांत संपत आली होती. दहाव्या दिवशीं सरासरी १ किलो २६० ग्रॅम व महिन्यानें १ किलो ६४० ग्रॅम झाली. सातहि जगलीं. मेलेल्या तिघांस वांचविण्यास एका घमेल्याहून अधिक खर्च लागला नसता, ही रुखरुख मात्र राहिली.

पाण्यावांचून खाणें कां होत नाहीं

कोंबडीच्या गळ्यांत दाणा सांठविण्याची स्वतंत्र पिशवी असते. बदकास तशी खरी पिशवी नसते. त्याची अन्ननलिकाच मानेच्या खालच्या भागीं थोडी रुंदावते. सुकें पीठ त्याच्या जिभेस व चोंचेस लगद्याप्रमाणें चिकटतें आणि नाकपुड्या बुजवितें. म्हणून प्रत्येक दोन-चार घांसांमागें त्यास पाण्यांत चोंच घालून ती धुवावी लागते. पाणी उथळ असेल तर नाक व डोळे साफ होत नाहींत. पाणी नसतां सुकें खाद्य दिल्यास घांस अडकून बदक गुदमरूं शकतें. सबब खाद्य पुढें असेल तेव्हां पाणी असलेंच पाहिजे, व पाणी नेतांना खाद्यहि उचलावें, हा नियम कधीं मोडूं नये.

पहिले तीन दिवस

बदकें आल्याबरोबर प्रथम पाणी द्यावें. मोठ्या बदकांस १२ ते १५ सेंटिमीटर खोल पाण्याचें पसरट भांडें असावें. लहान पिलांस मात्र उथळ भांडें देऊन त्यांत गोटे टाकावे, म्हणजे तीं बुडून किंवा भिजून गारठणार नाहींत. प्रवासानें फार थकलेल्या बदकांकरितां एक लिटर पाण्यांत लिंबाएवढा गूळ व केवळ चिमूटभर मीठ विरघळवून पहिल्या दिवशीं ठेवावें. परंतु शेजारीं साधें पाणीहि असूं द्यावें.

पाणी पिऊन झाल्यावर तासाभरानें भिजवलेलें खाद्य द्यावें. शिजवलेल्या कण्या, भाताचा कोंडा व भरडलेला मका यांचें ओलसर मिश्रण करून त्यांत थोडें कुसकरलेलें उकडलेलें अंडें घालावें. सुकट घालावयाची असल्यास खारटपणा जाईपर्यंत ती धुवावी. न खाणारें बदक पुष्कळदां पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक चिरलेल्या तांदुळजाच्या पानांस किंवा अझोल्यास पहिली चोंच लावतें. एकानें आरंभ केला कीं बाकीचीं अनुकरण करतात. वाढ झालेल्या बदकास रोज सुमारें १२० ते १७० ग्रॅम सुकें खाद्य लागतें. अशक्त बदकांस आरंभीं याच्या निम्म्याहून कमी द्यावें, तें चार-पांच वेळां विभागून द्यावें, व चार-पांच दिवसांत वाढवीत न्यावें. उरलेलें ओलें खाद्य दोन-तीन तासांत काढून टाकावें, कारण आपल्या हवेंत तें लवकर आंबतें.

चोंच उघडून बळेंच घांस कोंबूं नये. बदकाच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असल्यामुळें पाणी किंवा पातळ खाद्य फुप्फुसांत जाऊन तें दगावण्याचें भय असतें.

जागेचीहि काळजी घ्यावी. बदक भित्रें असून कळपाशिवाय त्यास चैन पडत नाहीं. एकटें बदक ठेवल्यास तें नुसत्या धास्तीनेंहि खाणें सोडतें. तीन-चार बदकें एकत्र, निवाऱ्याच्या कोरड्या जागीं, तूस किंवा पेंढा अंथरून ठेवावीं. कुत्रीं, मुलें व बघे यांस तीन दिवस दूर ठेवावें. तळें जवळ असलें तरी अशक्त बदकें लगेच त्यांत सोडूं नयेत. खंगलेल्या बदकाच्या पिसांवरील तेलकटपणा कमी झालेला असतो. तें भिजतें, गारठतें व आणखी वाळतें.

डोळ्यांपेक्षां तागडीवर विश्वास

आम्हांस फसविलें तें फुगलेल्या पिसांनीं. म्हणून बदक विकत घेतांनाच त्याच्या छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावें. हाड सुरीच्या धारेसारखें हातास लागलें व दोहों बाजूंचें मांस खोल गेलेलें असलें, तर तें बदक उपाशी किंवा आजारी आहे असें समजावें. घरीं आल्यावर पायांत रंगीत दोरा सैलसर बांधून प्रत्येकाची ओळख ठेवावी, व दर तीन दिवसांनीं सकाळीं खाणें देण्यापूर्वीं पिशवींत घालून वजन करावें. प्रवासानंतर एक-दोन दिवस वजन उतरलें तर घाबरूं नये. तें आठवड्यानंतरहि उतरतच असेल तर खाण्याखेरीज दुसरें कारण शोधलें पाहिजे. संध्याकाळीं मानेचा खालचा भाग चांचपून पाहिल्यास दिवसभरांत कोणीं खाल्लें व कोण उपाशी राहिलें हेंहि कळतें.

खाद्यांतील दोष

बदक खात नाहीं तेव्हां खाद्य हुंगून व फोडून पाहावें. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका बदकांस फार घातक आहे. इ. स. १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी व त्यांबरोबर बदकांचीं पिलेंहि मेलीं, आणि त्या शोधांतून शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचें अफलाटॉक्सिन हें विष जगास माहीत झालें. पिलें तर या विषास फारच लवकर बळी पडतात. पावसाळ्यांत पेंड थोडी थोडी आणावी, व वास बदललेलें पोतें स्वस्त पडतें म्हणून घेऊं नये.

पिलें आणलीं असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोंबडीच्या पिलांपेक्षां त्यांस नायसिन हें जीवनसत्त्व अधिक लागतें. एक किलो खाद्यांत तें सुमारें ५५ मिलिग्रॅम असावें. तें कमी पडल्यास पाय वांकतात, घोटे सुजतात, पिलें खाद्यापर्यंत चालत जाऊं शकत नाहींत, आणि धन्यास वाटतें कीं तीं खातच नाहींत. खाद्यांत यीस्टची भुकटी मिसळल्यानें ही उणीव भरून निघते.

वैद्यास केव्हां बोलवावें

पाणी, विश्रांति व ओलें खाद्य मिळूनहि दोन दिवसांत बदक खाईना, विष्ठा हिरवी व पाण्यासारखी किंवा रक्तमिश्रित होऊं लागली, मान लुळी पडली, डोळे चिकटले, अथवा एकाएकीं दोन-तीन बदकें मेलीं, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यांत कळवावें. खिळे किंवा तारेचे तुकडे गिळल्यानेंहि बदक वाळतें. जंतांचें औषधहि वैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावें. बदकांच्या प्लेगवर लस आहे व ती साधारणतः आठ ते बारा आठवड्यांच्या वयांत टोंचतात; परंतु अशक्त बदकें सुधारल्यावरच टोंचणें योग्य.

नवीं बदकें निदान तीन आठवडे जुन्या बदकांपासून व कोंबड्यांपासून अलग ठेवावीं, त्यांचीं भांडीं निराळीं ठेवावीं, व त्यांची व्यवस्था सर्वांच्या शेवटीं करावी. आम्हीं तीं कोंबड्यांशेजारींच कोंडलीं, ही आमची दुसरी चूक. तिचें फळ भोगावें लागलें नाहीं हें केवळ दैव. पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाचे जंतु बदकाच्या अंगीं रोगाचें चिन्ह न दिसतां राहूं शकतात. इ. स. २००६ मध्यें आपल्या नवापुरास कोंबड्यांत, व इ. स. २०१४ मध्यें केरळांतील कुट्टनाडच्या बदकांत ही सांथ आली तेव्हां हजारों पक्षी नष्ट करावे लागले. एकाएकीं झालेलें मरण लपविल्यास साऱ्या गांवाचें नुकसान होतें.

तात्पर्य, बदकें आणावयास जाण्यापूर्वीं घमेलें, कोरडी जागा व भिजवलेल्या कण्या तयार ठेवाव्या, आणि तागडी हाताशीं असूं द्यावी. आमच्या सात बदकांनीं पुढें दोन महिन्यांनीं अंडीं देण्यास सुरुवात केली. पहिलें अंडें आम्हीं काकींकडे नेऊन दिलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "पाणी बदललेंस ना आज?"