वेशीवरचे दोन राखणदार

मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे लोहमार्ग एकमेकांस जोडले गेले. इटारसीकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग आला होता, अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन कंपनीचा. या सांध्यामुळे मुंबईहून कलकत्त्यास आगगाडीने जाणे प्रथमच शक्य झाले. परंतु त्याच वेळी या दोन्ही शहरांमधील सारी रेल्वे-वाहतूक एका स्थानकावर अवलंबून राहिली. पुढे नागपूरवरून कलकत्त्याकडे जाणारा स्वतंत्र मार्गही तयार झाला.

दोन जाळी जेथे मिळतात त्या स्थानाला संगणकशास्त्रात 'गेटवे' म्हणतात. मराठीत यासाठी प्रवेशद्वार, महाद्वार असे शब्द सुचविले गेले आहेत. आम्हांला मात्र 'वेस' हा जुना शब्द अधिक नेमका वाटतो. गावातल्या गावात फिरणाऱ्याला वेशीचे कारण पडत नाही. गावाबाहेर जाणाऱ्याला मात्र तिच्यातूनच जावे लागते. या वेशीवर बसून प्रत्येक संदेशखंडाला पुढची वाट दाखविणारे यंत्र म्हणजे राउटर. कोशात त्याला मार्गनिर्देशक असा शब्द सापडेल. परंतु दुकानदार, तंत्रज्ञ आणि गिऱ्हाईक तिघेही राउटरच म्हणतात, तेव्हा येथेही तोच शब्द योजिला आहे.

आता जबलपूरच्याच विजय नगर वसाहतीत वीस खाटांचे एखादे रुग्णालय आहे, अशी वाचकांनी कल्पना करावी. रात्री अपघाताचा रुग्ण येतो. त्याच्या डोक्याच्या छायाचित्रणाच्या प्रतिमा नागपूरच्या तज्ज्ञाकडे पाठवावयाच्या असतात, कारण त्या वेळी शहरात ती वाचणारा डॉक्टर उपलब्ध नाही. रुग्ण २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा लाभार्थी असेल, तर उपचाराची पूर्वानुमतीही इंटरनेटवरूनच मागावी लागते. अशा वेळी राउटर बंद पडला तर काय होते? रुग्णालयातील संगणक एकमेकांशी बोलू शकतात, नोंदी दिसतात, छपाई होते. परंतु वेशीबाहेर एक अक्षरही जात नाही.

यावर पहिला उपाय कोणालाही सुचेल तो असा की, दुसरा राउटर आणून शेजारी ठेवावा. पैसे खर्च करून पुष्कळ ठिकाणी तसे केलेलेही आढळते. पण नुसते शेजारी ठेवल्याने काहीच साधत नाही. याचे कारण संगणकाच्या स्वभावात आहे.

प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्याच्या वाटेचा एकच पत्ता सांगून ठेवलेला असतो. समजा तो १९२.१६८.१०.१ असा आहे. संगणकाला काही बाहेर पाठवावयाचे असले म्हणजे तो आपल्या जाळ्यात पुकारा करतो, 'हा पत्ता कोणाचा?' ज्याचा तो पत्ता असेल ते यंत्र आपला हार्डवेअर-क्रमांक कळविते. संगणक हा क्रमांक टिपून ठेवतो आणि पुढील सारे संदेशखंड त्या क्रमांकाकडे पाठवितो. तेथे कोणी जिवंत आहे की नाही याची तो फारशी चौकशी करीत नाही. राउटर बंद पडला तरी संगणक त्याच मृत दारावर थापा मारीत राहतो. शेजारचा राउटर चालू आहे, त्याची तार शाबूत आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते. मग मध्यरात्री कोणीतरी उठून एकेका संगणकावर नवा पत्ता भरावा, हाच मार्ग उरतो. आणि रात्रपाळीच्या परिचारिकेकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

प्रत्येक संगणकाला शहाणे करण्याचे प्रयत्न पूर्वी झाले, पण ते फारसे रुजले नाहीत. जाळ्यातील यंत्रे नाना प्रकारची असतात. छपाईयंत्र, कॅमेरा, जुने तपासणीयंत्र अशा सर्वांना नवी विद्या शिकविणे शक्य नसते. म्हणून १९९० नंतरच्या दशकात अभियंत्यांनी उलट दिशेने विचार केला. संगणक जसे आहेत तसेच राहोत, शहाणपण राउटरांनी दाखवावे. सिस्को कंपनीची अशी एक पद्धती होती. तिचे वर्णन मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात इंटरनेटचे मानक ठरविणाऱ्या मंडळींनी सर्व उत्पादकांसाठी खुली अशी पद्धती प्रसिद्ध केली. तिचे नाव व्हीआरआरपी. सिस्कोने या पद्धतीवर आपल्या एकस्वाधिकाराचा दावा सांगितल्यामुळे वाद झाला, आणि त्यातून ओपनबीएसडी प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी २००३ मध्ये कार्प नावाची तिसरी पद्धती रचली. तिन्हींचे तत्त्व एकच आहे.

ते तत्त्व असे: वेशीचा पत्ता कोणत्याही एका राखणदाराच्या मालकीचा ठेवू नये. पहिल्या राउटरला १०.२ आणि दुसऱ्याला १०.३ असे स्वतःचे पत्ते द्यावेत. संगणकांना सांगितलेला १०.१ हा पत्ता मात्र पदाचा, व्यक्तीचा नव्हे. जो त्या क्षणी कामावर असेल तो त्या पत्त्याच्या वतीने उत्तर देईल. एवढेच नव्हे, तर उत्तरादाखल सांगावयाचा हार्डवेअर-क्रमांकही पदाचाच असतो. व्हीआरआरपीमध्ये तो ००-००-५ई-००-०१ असा सुरू होतो आणि शेवटच्या जोडीत त्या गटाचा क्रमांक येतो. त्यामुळे राखणदार बदलला तरी संगणकांनी टिपून ठेवलेला क्रमांक खोटा ठरत नाही. त्यांना बदल झाल्याचे कळतही नाही, आणि कळू नये हीच या योजनेची मख्खी आहे.

कामावर असलेला राउटर दर सेकंदाला एक छोटी घोषणा करतो, 'मी आहे.' ही घोषणा २२४.०.०.१८ या सामूहिक पत्त्यावर जाते व गटातील राउटरच ती ऐकतात. राखीव राउटर काही बोलत नाही. तो फक्त कान देऊन असतो. एखादी घोषणा गर्दीत हरवू शकते, म्हणून एका हुकलेल्या घोषणेवरून तो घाई करीत नाही. तीन घोषणांइतका वेळ आणि त्यावर आणखी थोडा अवधी तो थांबतो. हा 'थोडा अवधी' काढण्याची रीत मोठी मार्मिक आहे. प्रत्येक राउटरला १ ते २५४ यांपैकी एक प्राधान्यांक दिलेला असतो. २५५ हा अंक वेशीचा पत्ता ज्याचा स्वतःचाच असेल त्याच्यासाठी राखलेला आहे. २५६ मधून प्राधान्यांक वजा करावा आणि बाकीला २५६ ने भागावे. उत्तर सेकंदात येते. प्राधान्यांक १०० असेल तर १५६ भागिले २५६, म्हणजे सुमारे ०.६१ सेकंद. तेव्हा एकूण वाट पाहणे ३.६१ सेकंदांचे. गटात १०५ प्राधान्यांकाचा तिसरा राउटर असेल तर त्याची वाट ३.५९ सेकंदांत संपते. म्हणजे अधिक योग्यतेचा राउटर इतरांच्या आधी, शतांश सेकंदांच्या फरकाने का होईना, जागा होतो आणि घोषणा सुरू करतो. निवडणूक न होता निवड होते.

राउटर दुरुस्तीसाठी हेतुपूर्वक बंद करावयाचा असेल तर तो जाता जाता प्राधान्यांक शून्य असलेली घोषणा करतो. ही राजीनाम्याची खूण. ती ऐकताच राखीव राउटर तीन सेकंद न दवडता केवळ तो ०.६१ सेकंदांचा अवधी थांबतो आणि पदभार घेतो. पदभार घेतल्याबरोबर तो न विचारता एक पुकारा करतो की १०.१ हा पत्ता आता येथे आहे. हा पुकारा मुख्यतः स्विचसाठी असतो, कारण तो हार्डवेअर-क्रमांक आता कोणत्या खोबणीकडे आहे हे स्विचला नव्याने समजावे लागते.

या पद्धतीत २००४, २०१० आणि २०२४ या वर्षी सुधारणा झाल्या. २००४ मध्ये घोषणेबरोबर परवलीचा शब्द पाठविण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. तिने खरे संरक्षण मिळत नव्हते, उलट दोन राउटरांत परवलीचा शब्द वेगळा भरला गेला की दोघेही स्वतःला कार्यरत समजत. २०२४ च्या आवृत्तीत शब्दांचा बदल आहे. कामावरील राउटरला पूर्वी 'धनी' अशा अर्थाचा शब्द होता, तो जाऊन 'कार्यरत' अशा अर्थाचा आला. अनुवादकाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे, कारण येथे अधिकाराचा प्रश्न नसून केवळ कोण कामावर आहे एवढाच आहे.

येथवर सारे सोपे वाटते. प्रत्यक्षात ही व्यवस्था जेथे फसते, तेथे ती बहुधा पुढील गोष्टीमुळे फसते. राउटर बंद पडण्यापेक्षा बाहेरची तार तुटणे हे आपल्याकडे कितीतरी अधिक वेळा घडते. रस्ता खोदताना फायबर तुटले, तर कार्यरत राउटर स्वतः ठणठणीत असतो आणि दर सेकंदाला 'मी आहे' असे इमानाने सांगत राहतो. राखीव राउटरला संशय येत नाही. सर्व संदेशखंड मग अशा वेशीकडे जातात जिच्यापुढचा पूल वाहून गेला आहे.

म्हणून बाहेरच्या वाटेवरही पाळत ठेवावी लागते, आणि वाट बंद दिसताच राउटरने आपला प्राधान्यांक आपणच उतरवावा अशी सूचना त्याला द्यावी लागते. येथे गणित चुकू नये. पहिल्याचा अंक ११०, दुसऱ्याचा १००. उतरण ५ ची ठेवली तर पहिला १०५ वर येतो आणि तरीही वरचढच राहतो. काहीही घडत नाही. उतरण २० ची असेल तर तो ९० वर येतो आणि दुसरा काम हाती घेतो. त्यासाठी दुसऱ्याला, आपल्याहून कमी अंकाचा राउटर कामावर दिसल्यास त्याच्याकडून पदभार काढून घेण्याची मुभा असली पाहिजे. व्हीआरआरपीमध्ये ही मुभा सहसा दिलेली असते, सिस्कोच्या पद्धतीत ती मागून घ्यावी लागते. पाळत केवळ तारेच्या पहिल्या टोकापर्यंत ठेवून भागत नाही. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याशी जोडणी शाबूत दिसत असते आणि वाट चार चौक पलीकडे तुटलेली असते. दूरच्या दोन किंवा तीन ठिकाणांना हाक मारून पाहावी आणि ती सर्व गप्प असतील तरच वाट बंद समजावी. एकाच ठिकाणावर विसंबले तर ते ठिकाण बंद पडल्यावर आपली निरोगी वाट सोडून देण्याचा प्रसंग येतो.

दुसरे संकट नेमके उलट आहे. दोन राउटरांमधील घोषणा पोहोचेनाशा झाल्या, तर दुसरा पहिल्याला मृत समजतो आणि दोघेही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसाच हा प्रकार. स्विच गोंधळतो, तो क्रमांक एकदा या खोबणीत व एकदा त्या खोबणीत दिसू लागतो आणि संपर्क तुटक होतो. याचे कारण बऱ्याचदा अगदी क्षुल्लक असते: सुरक्षेसाठी बसविलेल्या गाळणीतून व्हीआरआरपीच्या घोषणांना, म्हणजे ११२ क्रमांकाच्या संदेशप्रकाराला, वाट ठेवण्याचे कोणी विसरलेले असते.

आणखी एक मर्यादा प्रांजळपणे सांगितली पाहिजे. दोन्ही राउटरांच्या तारा दोन वेगळ्या कंपन्यांच्या असतील, आणि त्या तशाच असाव्यात, तर वेस बदलताच बाहेरच्या जगाला दिसणारा रुग्णालयाचा पत्ताही बदलतो. चालू असलेले दृक्‌संभाषण तुटेल, अर्धवट गेलेली प्रतिमा पुन्हा पाठवावी लागेल. चार सेकंदांत वाट मिळते, चाललेले बोलणे मिळत नाही.

वेगळ्या कंपन्या म्हणजे वेगळ्या वाटा, असेही गृहीत धरू नये. पुष्कळदा दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येतात. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन निराळ्या केबली एकाच दिवशी निकामी झाल्या आणि भारताचा पश्चिमेकडील संपर्क मोठ्या प्रमाणावर ढासळला. वीजव्यवस्थेचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. मध्यप्रदेशचे राज्य भार प्रेषण केंद्र जबलपुरातच आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले त्याची सुरुवात याच राज्यातील बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर झाली. त्या मार्गावरची दुसरी वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद ठेवलेली होती. राखीव होते, पण त्या रात्री ते जागेवर नव्हते.

जबलपूरकरांना २२ मे १९९७ च्या भूकंपाची आठवण असेलच, तीव्रता ५.८ होती. दोन राउटर एकाच फळीवर, एकाच वीजखोबणीत लावले असतील, तर त्यांना दोन म्हणणे हा केवळ हिशेबाचा भाग आहे. निदान वीज दोन वेगळ्या जागांहून घ्यावी, दोन्हींस स्वतंत्र बॅटरी द्यावी, आणि दुसरी तार शक्य नसेल तर मोबाइल जाळ्यातून जाणारी वाट ठेवावी. घरगुती उपयोगासाठी एवढा खटाटोप आम्हांला अनावश्यक वाटतो. हातातला मोबाइल तेथे पुरेसा आहे. रात्री उघडे राहणाऱ्या रुग्णालयाला मात्र हा खर्च टाळता येणार नाही.

आणि एक गोष्ट अशी की, राखीव राउटर मेला तर कोणालाच कळत नाही. काम कोठेच अडत नाही. तसेच पहिला बंद पडून दुसऱ्याने काम सांभाळले तरी सगळे सुरळीत चालते, आणि महिनोन्‌महिने एकाच राखणदारावर वेस चाललेली असते. बदल होताच कोणाच्या तरी मोबाइलवर सूचना गेली पाहिजे, ही तरतूद पदभार-बदलाइतकीच महत्त्वाची आहे.

चाचणी दर तीन महिन्यांनी, गर्दी नसताना, कर्मचाऱ्यांना सांगून घ्यावी. एका संगणकावरून बाहेरच्या पत्त्याला दर सेकंदाला हाक मारीत राहावे आणि प्रथम कार्यरत राउटरची वीज काढावी. तीन ते पाच हाका निरुत्तर जातील, मग उत्तरे पुन्हा येऊ लागतील. वीज परत द्यावी. पण परतलेल्या राउटरला आपले मार्ग व जोडण्या जुळविण्यास वेळ लागतो, म्हणून त्याने एक-दोन मिनिटे थांबूनच पदभार परत घ्यावा अशी नेमणूक आधीच केलेली असावी. ती नसेल तर या वेळी दुसरा खंड पडलेला दिसेल, आणि तो पहिल्यापेक्षा लांब असू शकेल. यानंतर राउटरला हात न लावता केवळ भिंतीतून आलेली फायबरची तार काढावी. बहुतेक ठिकाणी पहिली चाचणी उत्तीर्ण होते आणि अडचण या दुसरीत आढळते.