सुटीचा दिवस आणि त्याच्या तीन खुंट्या

वार्षिक परीक्षा संपून शाळेच्या दारास कुलूप लागलें, कीं मुलांच्या आनंदास पारावार उरत नाहीं. आणि त्याच दिवशीं घरोघरच्या वडील माणसांच्या कपाळीं एक आंठी उमटते. आतां हीं मुलें दीड महिना करणार काय? विदर्भांत उन्हाचा ताप अधिक, म्हणून तेथील शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. तेव्हां तेथील आईबापांची ही आंठी आणखी कांहीं दिवस टिकते.

या प्रश्नाचीं सामान्यतः दोन उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ‘वर्षभर बिचारीं मान मोडून अभ्यास करतात, आतां तरी त्यांस मोकळीं सोडा.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘मोकळीक म्हणजे बिघाड, चित्रकला, पोहणें, इंग्रजी संभाषण, सर्वांचे वर्ग लावून टाका.’ पहिल्या घरीं मूल नऊ वाजतां उठतें, बारा वाजतां स्नान करतें आणि मध्यरात्र उलटेपर्यंत जागतें. दुसऱ्या घरीं तें एका शिबिरांतून दुसऱ्या शिबिरांत धांवतें आणि ‘याहून शाळा बरी होती’ असें म्हणूं लागतें. मी सारी हयात शिक्षकाच्या व्यवसायांत घालविली. या दोन्ही चुका मीं जवळून पाहिल्या आहेत. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्या प्रकारची चूक मीं स्वतः, आणि तीहि गुरुजीपणाच्या अधिकारानें, केलेली आहे. तिचीच हकीकत प्रथम सांगतों.

मी त्या वेळीं सातारा जिल्ह्यांतील घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गांवीं शिक्षक होतों. सुटीपूर्वीं मुलांस चाळीस पानें शुद्धलेखन आणि दहा पानें गणितें नेमून देण्याचा माझा शिरस्ता होता. जूनमध्यें शाळा उघडली. एका मुलाची वही मीं हातीं घेतली, तों चाळीसहि पानांवर एकाच शाईचें, एकाच घाईचें अक्षर; शेवटचीं पानें तर रेघेवरून घसरलेलीं. सारें काम दोन रात्रींत उरकलें आहे, हें सांगावयास ज्योतिषी नको होता. मीं त्यास वर्गासमोर उभें केलें आणि विचारलें, ‘दीड महिना काय झोंपा काढल्यास?’ तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं, तिसऱ्या दिवशींहि आला नाहीं. चौथ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों.

त्याची आई अंगणांत कांहीं निवडीत बसली होती. तिनें मला बसावयास दिलें, माझें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतलें, आणि शांतपणें म्हणाली, ‘गुरुजी, सुटी तुमच्या शाळेला. आमची ती करवंदांची सुगी असती.’ मग एकेक गोष्ट कळत गेली. पहाटे झुंजूमुंजू होतांच हीं मायलेंकरें रानांत जात, कांट्यांत हात घालून करवंदें तोडीत, पानांचे द्रोण भरीत आणि ऊन चढण्यापूर्वीं मोटारीच्या थांब्यावर उभीं राहत. करवंदें सरलीं कीं जांभळें. द्रोण किती खपले, किती सुकून वायां गेले, जाण्यायेण्याचें भाडें वजा जातां हातीं किती उरलें, हा सारा हिशेब तो मुलगा तोंडानें करी. मीं दिलेलीं दहा पानें गणितें त्यापुढें पोरखेळ होतीं! मीं त्या माउलीची आणि त्या मुलाचीहि क्षमा मागितली. तो शाळेंत परत आला. परंतु पूर्वीसारखा हात वर करून वर्गांत बोलूं लागण्यास त्याला दिवाळी उजाडली.

या प्रसंगानें मला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही, कीं सुटींत मुलांनीं काय करावें हें सांगण्यापूर्वीं कोणाची सुटी कशी जाते तें पाहावें. दुसरी अशी, कीं कामाचा ढीग एकदम अंगावर टाकला आणि त्याला दिवसाची कांहींच खूण लावून दिली नाहीं, तर तो ढीग शेवटच्या दोन रात्रींतच उपसला जातो. गरिबाचा मुलगा तसें करतो आणि श्रीमंताचाहि तसेंच करतो. चाळीस पानें हा ढीग झाला. रोज एक पान हा नेम झाला. दोहोंची बेरीज सारखी असली, तरी मनावर होणारा परिणाम अगदीं निराळा असतो.

नेमाचें महत्त्व पटल्यावर मी दुसऱ्या टोकास गेलों, हेंहि कबूल केलें पाहिजे. पुढें माझा नातू शाळेंत जाऊं लागला, तेव्हां मीं त्याच्यासाठीं सुटीचें एक सुंदर वेळापत्रक तयार केलें. सहा ते साडेसहा व्यायाम, साडेसहा ते सात दूध व स्नान, सात ते आठ वाचन. रात्रीं नऊपर्यंत एकहि अर्धा तास मोकळा नव्हता. तांबड्या-निळ्या शाईनें आंखलेला तो कागद कपाटावर चिकटविला, आणि तो तीन दिवस चालला. चौथ्या दिवशीं पाहुणे आले, पांचव्या दिवशीं एक लग्न निघालें. शाळेंत घंटा असते आणि तिच्या पाठीमागें चारशें मुलें उठतात-बसतात. घरांत एकट्या मुलाला अशी घंटा कोण देणार? शिवाय अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळापत्रकांत एक तास चुकला, कीं पुढचे सर्व तास कोसळतात, आणि ‘आजचा दिवस बुडालाच’ असें म्हणून मूल हातपाय गाळून बसतें.

मग उपाय कोणता? अंगणांतील वाळत घालण्याची दोरी आठवा. तिला खुंट्या दोन-तीनच असतात. परंतु त्या पक्क्या असतात. मधली दोरी वाऱ्यानें हलते, आणि तिनें हलावेंच. सुटीच्या दिवसालाहि अशा तीन खुंट्या ठोकाव्या आणि मधला वेळ मुलाच्या स्वाधीन करावा.

पहिली खुंटी निजण्या-उठण्याची. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं ९ ते १२ तास झोंप लागते. सुटींत ही झोंप कमी होत नाहीं, पण ती रात्रीवरून सरकत सरकत सकाळवर येते, आणि उन्हाळ्यांतील सर्वांत सुखाची वेळ, म्हणजे पहांट, मूल गमावून बसतें. नेहमींपेक्षां अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर बिघडत नाहीं. परंतु रोजची वेळ एक असावी. म्हणजे जूनमध्यें शाळा उघडतांच मुलास ओढून उठविण्याची पाळी येत नाहीं.

दुसरी खुंटी एका लहानशा नित्य कामाची. याला वेळ अर्ध्या तासाहून अधिक नको. पण तें रोज आणि ठरल्या वेळीं झालें पाहिजे, आणि त्याचें कांहीं फळ डोळ्यांस दिसलें पाहिजे. घरांत कुरडया व्हावयाच्या असतील, तर गहूं तीन दिवस भिजत राहतात आणि त्यांचें पाणी रोज बदलावें लागतें. तें काम मुलाकडे द्या. वाळवणाची राखण द्या. वेलीस पाणी घालणें, आजीस वर्तमानपत्र वाचून दाखविणें, हींहि कामें चांगलीं.

मीं स्वतः त्या करवंदवाल्या मुलाच्या प्रसंगानंतर चाळीस पानांचें शुद्धलेखन बंद केलें आणि मुलांस एकच काम देऊं लागलों. एक सरळ काठी अंगणांत अशी रोवावयाची, कीं जमिनीवर तिची उंची बरोबर एक मीटर राहील. ती ओळंब्यानें अगदीं उभी आहे अशी खात्री करावयाची. मग रोज दुपारीं साडेबारा वाजतां, डोक्यास टोपी किंवा फडकें बांधून, तिच्या सावलीच्या टोंकाशीं एक खडा ठेवावयाचा, सावली मोजावयाची आणि वहींत एक ओळ लिहावयाची. सारें काम पांच मिनिटांचें. ठीक बाराऐवजीं साडेबारा कां, तर आपलें घड्याळ साऱ्या देशाकरितां एकच आहे, आणि सातारा-पुण्याकडे सूर्य माथ्यावर येण्यास त्याप्रमाणें सुमारें अर्धा तास उशीर होतो.

आतां या काठीची गंमत पाहा. साताऱ्याकडे १ मेच्या सुमारास सावली उत्तरेस पडते आणि ती चार-पांच सेंटिमीटर भरते. रोज ती सुमारें अर्ध्या सेंटिमीटरानें आंखडते. १० मेच्या सुमारास ती काठीच्या बुडाशीं नाहींशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर आलेला असतो. त्यानंतर सावली पुन्हा निघते, पण दक्षिणेकडे, आणि मेअखेर सात सेंटिमीटरांपर्यंत जाते. हा बिनसावलीचा दिवस कोल्हापुरास मेच्या पहिल्या आठवड्यांत, पुण्यास १३-१४ मेच्या सुमारास आणि नागपुरास २६ मेच्या सुमारास येतो. जुलै-ऑगस्टांत तो पुन्हा एकदां येतो, परंतु तेव्हां आभाळ बहुधा ढगांनीं भरलेलें असतें. ज्या मुलानें हे खडे स्वतः मांडले, त्याला सूर्य उत्तरेकडे सरकतो म्हणजे काय, हें सांगावें लागत नाहीं. एखादा दिवस लग्नामुळें चुकला, तर एक खडा कमी पडतो. सारी रांग मोडत नाहीं. चांगल्या नेमाचें लक्षण हेंच, कीं एका दिवसाच्या खाड्यानें तो मरत नाहीं.

तिसरी खुंटी संध्याकाळच्या मोकळ्या हवेची. उन्हाळ्यांत अकरा ते चार या वेळांत मुलांनीं सावलींतच असावें. पण ऊन उतरल्यावर तासदीड तास तरी अंगणांत, मैदानांत, सोबत्यांबरोबर खेळलेंच पाहिजे. पोहणें येत नसेल, तर जाणत्या माणसाच्या देखत शिकावें. पूर्वीं पाठीस सुकलेला भोपळा बांधून विहिरींत मुलें पोहावयास शिकत, तेव्हांहि कांठावर कोणी मोठें माणूस बसलेलें असे. खेळून दमलेलें मूल वेळेवर झोंपतें. म्हणजे तिसरी खुंटी पहिलीस आधार देते.

या तीन खुंट्यांमधील वेळांत काय करावें? तें मुलानेंच ठरवावें. तें लवकरच येऊन म्हणेल, ‘मला कंटाळा आला.’ येथें बहुतेक आईबाप घाबरतात, आणि मोबाईल हातीं देऊन मोकळे होतात. श्रोतेहो, कंटाळा हा रोग नव्हे. तो नांगरलेल्या पण अद्याप न पेरलेल्या शेतासारखा आहे. अर्धा तास त्यास तसाच राहूं द्या. मूल प्रथम कुरकुर करील, मग छताकडे पाहत पडेल, मग उठून जुन्या खोक्याची गाडी तरी करील, नाहीं तर कपाटांतील एखादें पुस्तक काढील. मोबाईलचा मोठा दोष असा, कीं तो कंटाळ्यास उगवूंच देत नाहीं. त्यास घरांतून हद्दपार करा असें मी म्हणत नाहीं. परंतु कंटाळ्यावरचें औषध म्हणून तो देऊं नये. त्याची वेळ आणि मर्यादा आधीं ठरलेली असावी, आणि ती मोठ्या माणसांनींहि पाळावी. बाप जेवतांना पडद्याकडे पाहत असेल, तर मुलास केलेला उपदेश वाऱ्यावर जातो.

शिबिरांविषयीं एवढेंच, कीं मुलास मनापासून आवडेल असें एखादें असावें. तीन नसावींत.

शेवटीं पुन्हा त्या करवंदांकडे येतों. आपण सुटीचा समतोल म्हणतों, तेव्हां जणूं सर्वच मुलांपाशीं मोकळा वेळ अमाप पडला आहे असें गृहीत धरतों. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें आणि पुढें तें कोसबाडच्या आदिवासी भागांत नेलें. तेथें गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नव्हतीं, म्हणून कुरणांतच शाळा नेण्यांत आली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलाच्या दिवसाकडे आधीं पाहावें आणि मग शिक्षण आंखावें, ही दृष्टि त्यांत होती. ज्या मुलाची सुटी कामांत जाते, त्याच्या दिवसांत चौथें काम घालणें हा समतोल नव्हे. त्याला खेळाचा एक हक्काचा तास मिळवून देणें हा समतोल आहे. आणि हें पाहावयास रानांत जावें लागत नाहीं. आपल्याच घरीं पाहा: मुलगा चेंडूफळी खेळावयास जातो, आणि त्याची बहीण सुटी आहे म्हणून दोन्ही वेळचीं भांडीं घासते. वेळ वांटून द्यावयाचा, तर काम आणि खेळ हीं दोन्ही भावंडांस सारखींच वांटून द्यावींत.

तेव्हां, आईबापहो, कपाटावरचा तो रंगीत कागद काढून ठेवा. मुलांस जवळ बसवून तीन खुंट्या त्यांच्याच विचारानें ठरवा, अंगणांत एक काठी रोवा, आणि मग जरा दूर सरा. पहिल्या पावसाबरोबर शाळेची घंटा वाजेल, तेव्हां चाळीस पानें भरलेलीं नसतील कदाचित्. परंतु मूल ताजें असेल, आणि गुरुजींस सांगावयास त्याच्यापाशीं स्वतःचें असें कांहीं तरी असेल. गुरुजींनीं तें आधीं ऐकून घ्यावें, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंस विनंति करून मी आपली रजा घेतों.