‘फसफसणे’: एक क्रियापद व एक अदृश्य वायू

आंबण्याच्या क्रियेसंबंधी मराठीत जे शब्द रूढ आहेत, ते इंद्रियांनी वाटून घेतलेले दिसतात. ‘आंबणे’ हा जिभेचा शब्द होय. त्याचे मूळ ‘आम्ल’. ‘फेसाळणे’ व ‘फुगणे’ हे डोळ्यांचे, तर ‘फसफसणे’ हा ध्वन्यनुकारी, म्हणजे निव्वळ कानाचा. ही क्रिया घडविणाऱ्या किण्वाला इंग्रजीत जे ‘यीस्ट’ हे नाव आहे, तेही ‘उकळणे, फेसाळणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘यस्’ धातूचे सगोत्र आहे. आपल्या ‘आयास’ व ‘प्रयास’ यांत हाच धातू दडलेला आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या साऱ्या शब्दांमागे असलेला वायू मात्र दिसत नाही व ऐकूही येत नाही. बुडबुडा फुटतो त्याचाच काय तो आवाज. भाषेतील ही उणीव केवळ कोशकाराच्या चिंतेची नाही, हे वसईकडील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

वसईच्या किल्ल्यालगतचे पाचूबंदर व त्या परिसरातील इतर ख्रिस्ती वस्त्या यांत नाताळासाठी घरी वाइन घालण्याची चाल जुनी आहे. काळी द्राक्षे, मनुका किंवा आले, साखर, पाणी व किण्व ही चिनी मातीच्या बरणीत घालून तोंडाला फडके बांधतात. आत साखरेचे विघटन होऊन मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड ही जवळजवळ समान वजनाने निर्माण होतात. 100 ग्रॅम साखरेपासून सुमारे 50 ग्रॅम, म्हणजे साधारण 25 लिटर वायू निघतो. फडक्यातून तो निघून जातो, तोवर चिंता नाही.

काही दिवसांनी ‘फसफस थांबली’ असे म्हणून रस गाळतात व बाटल्यांत भरून बुचे घट्ट बसवितात. येथे कान फसवितो. फसफस थांबते ती साखर संपल्यामुळे, किंवा थंडीच्या रात्रींमुळे किण्व मंदावल्यामुळे. दोहोंची शांतता सारखीच. दुसऱ्या प्रकारात लिटरमागे केवळ 4 ग्रॅम साखर उरली, तरी पुढे त्या द्रवाच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. शॅम्पेनमध्ये लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर मुद्दाम घालून 6 वातावरणांइतका दाब आणतात. परंतु तिची बाटली त्यासाठीच जाड घडविलेली असते. साध्या वाइनच्या बाटलीची ती शक्ती नव्हे. डिसेंबरात भरलेली बाटली फाल्गुन-चैत्राच्या उकाड्यात फुटते, याचे कारण हे. काच उडून डोळा जाऊ शकतो. घरी बिअर करणाऱ्यांची अडचण याहून नाजूक आहे. त्यांना बाटलीत थोडी फसफस हवीच असते, म्हणून ते शेवटी मोजून साखर घालतात. आधीचे आंबणे अपुरे असेल, तर ते मोजमाप व्यर्थ ठरते. यावर कानापेक्षा द्रवघनतामापक अधिक विश्वासू. त्याचा आकडा काही दिवस लागोपाठ स्थिर राहिला, तरच बूच लावावे. (महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.)

दुसरा धोका फडके बांधलेल्या बरणीचा, म्हणजे निसटलेल्या वायूचा. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे 1767 पासून राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टली याने शेजारच्या मद्यभट्टीत आंबणाऱ्या पिंपांवर त्याचा थर साचलेला पाहिला. जळती काडी त्यात विझे व तिचा धूर त्या थरावर तरंगे. त्यातूनच त्याने कृत्रिम सोडावॉटर सिद्ध केले व 1772 मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. आपल्याकडील गोटी सोड्याचे मूळ तेथवर जाते.

एका बरणीने हवेशीर स्वयंपाकघरात काही बिघडत नाही. मोठी पिंपे बंद खोलीत किंवा तळघरात असली, की हवेतील एरवी 0.04 टक्के असणारे प्रमाण झपाट्याने चढते. 5 टक्क्यांच्या सुमारास धाप लागते, 10 टक्क्यांस काही मिनिटांत शुद्ध हरपते. दिवा खाली सोडून पाहण्याचा जुना प्रघात येथे पुरेसा नाही, कारण माणसाला अपाय होऊ लागतो तेव्हाही ज्योत तेवत असू शकते. एकजण कोसळला म्हणून दुसरा त्याला उचलण्यास वाकतो आणि त्याच थरात श्वास घेतो. अशा अपघातांत मदतीस गेलेलाही बळी पडतो. प्रथम दारेखिडक्या उघडाव्यात, बाहेरून माणसे व अग्निशमन दल बोलवावे, आणि वारा खेळेपर्यंत आत पाऊल टाकू नये.

‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने ग्रीक ‘खाओस’वरून घडविला. ज्या पदार्थांकरिता त्याने तो योजिला, त्यांत आंबणाऱ्या द्राक्षरसातून निघणारा हाच वायू होता. मराठीने तो शब्द स्वयंपाकघरात घेतला खरा, पण शेगडीकरिता. बरणीशी त्याचा संबंध अजून जोडला गेलेला नाही.