मुलाखतीला जाताना

मंडळी, बार्शीटाकळीहून अकोल्याला मास्तरकीच्या मुलाखतीला गेलेला आपला उमेदवार ‘विशेष काम काय केले?’ विचारले, की ‘आमच्या शाळेचा निकाल चांगला लागला,’ म्हणून मोकळा होतो. अहो, पण यात तुम्ही कुठे आहात? कापसाचा व्यापारी अख्खी गाडी पाहात नाही. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी पाहतो. तसे एकच काम निवडा. पंजाबराव देशमुखांना नुसते ‘थोर समाजसेवक’ म्हटल्याने काय कळते? १९३२ साली अमरावतीत त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली म्हटले, की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. समजा, वेचणीच्या दिवसांत गळालेली चार पोरे तुम्ही घरोघर जाऊन परत शाळेत बसवली. ‘त्यात काय मोठे!’ म्हणून ते गाळू नका. कोणत्या वर्गातली, आईबापांना कसे पटवले, पुढे टिकली का, हे मात्र विचारतीलच.