38 लाख डंपर, तीन मिनिटं

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या केली या चिमुकल्या गावातून ग्रो व्हाँट नदीच्या काठाकाठाने एक रस्ता डोंगरात शिरतो. आत जावं तसा तो खडीचा होत जातो. पाठीमागे टेटॉनची बर्फाळ शिखरं आणि उजवीकडे, नदीपलीकडच्या हिरव्या डोंगरावर, सोलून काढल्यासारखा एक भलामोठा उघडा पट्टा दिसतो. शंभर वर्षांनंतरही तिथलं रान पुरतं भरून आलेलं नाही.

23 जून 1925 रोजी इथून सुमारे 3 कोटी 80 लाख घनमीटर दगडमाती तीन मिनिटांत खाली आली. दहा घनमीटरचा एक डंपर धरला तर 38 लाख डंपर. हा लोंढा दरी ओलांडून समोरच्या चढावर जवळजवळ 90 मीटर चढला.

डोंगर सुटला कसा? वर वालुकाश्माचा जाड थर, त्याखाली चिकणमातीसारखा मऊ शेल आणि दोन्ही थर सुमारे 20 अंशांनी दरीकडेच कललेले. नदीने पायथा कोरून खालचा आधार आधीच काढून घेतला होता. त्या वर्षी वितळलेलं बर्फ आणि जोराचा पाऊस वालुकाश्मातून झिरपत शेलपर्यंत पोचला. शेल बुळबुळीत झाला आणि ओल्या फरशीवरून पाट सरकावा तसा वरचा थर निसटला. आपल्या सह्याद्रीत बेसॉल्टचे थर जवळपास आडवे असतात. तिथे बहुधा खडक घसरत नाही, त्यावरची झिजलेली माती पाण्याने जड होऊन सुटते. 2014 मध्ये माळीणवर आली ती अशीच दरड.

ढिगाऱ्याने नदी अडली. सुमारे 70 मीटर उंचीचा बांध तयार झाला आणि मागे तलाव साचला. मला या ठिकाणी सगळ्यात अस्वस्थ करतात ती त्या तलावातून वर आलेली वठलेल्या झाडांची खोडं. पाणी चढलं तेव्हा ती उभ्या उभ्या बुडाली आणि आजही तशीच उभी आहेत.

बांधातून पाणी झिरपत होतं, म्हणून तो टिकेल असं लोकांनी धरलं. पण दगडमातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहू लागलं की ते माथाच कापत नेतं. 18 मे 1927 रोजी, बर्फ वितळण्याच्या दिवसांत, नेमकं तेच झालं. पुराने केली जवळजवळ पुसून टाकलं आणि सहा जण गेले. 1925च्या दरडीत मात्र एकही माणूस दगावला नव्हता.